सापडेपर्यंत इथंच

माझे सासरे मला पहिल्यांदा पाहायला आले तेव्हा त्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. ओसरीवर सतरंजी अंथरलेली होती, पानाचा डबा ठेवलेला होता आणि मी नवा सदरा घालून खांबाला टेकून उभा होतो. ते आले, जोडे काढले, सगळ्यांना रामराम घातला आणि बसायच्या आधीच म्हणाले, "तीन दगडं, चार काटक्या अन् एक भांडं द्या. पाणी मात्र तुमच्याच विहिरीचं पाहिजे." मग खांद्यावरच्या मांजरपाटाच्या पिशवीची गाठ सोडून त्यांनी मूठभर तुरीची डाळ काढली, अंगणात चूल मांडली आणि उकिडवे बसून फुंकू लागले. माझी जमीन किती, शिक्षण किती, व्यसन काय, हे कुणी विचारलं नाही. सगळे त्या भांड्याकडे पाहत होते. शेवटी मीही पाहू लागलो.

डाळ शिजली. शिजली कसली, विरघळली. त्यांनी ती बोटांच्या चिमटीत चोळून पाहिली, क्षणभर डोळे मिटले आणि सुपारी फोडायला सांगितली. मग गूळपाणी झालं. गुळाच्या पाण्यात विहिरीचं पाणी कसं आहे ते कुणाला कळणार? तसंही पाण्याची चव घेण्यावर त्यांचा विश्वास नव्हता. "जीभ लबाड असती," ते म्हणत, "गूळ खाल्ला की तिला समदंच गोड. डाळ मात्र खोटं बोलत न्हाई." अशा रीतीनं माझं लग्न डाळीनं ठरवलं.

मी त्यांना मामा म्हणत असे. बाकी सगळा मुलूख त्यांना डाळवाले मामा म्हणायचा. त्यांचं गाव कळमनुरीकडचं, आमचं कुरुंद्याजवळचं. मधल्या प्रत्येक गावात त्यांच्या तीन दगडांची राख पडलेली होती. कारण मामांच्या आयुष्यात एकच प्रश्न होता. मोगलाईत राहायला सगळ्यात चांगलं गाव कोणतं? निजामाच्या राज्याला आमच्याकडे तेव्हा मोगलाईच म्हणत. दरवर्षी सुगी आटोपली की मामा घोंगडी आणि डाळीची पिशवी घेऊन निघायचे. वसमत, औंढा, जिंतूर, नांदेड, कुठे कुठे जाऊन यायचे. परत आले की ओसरी नसलेल्या आपल्या घराच्या दाराशी उभे राहून बायकोला सांगायचे, "न्हाई शिजली."

आणि मामी म्हणायच्या, "बरं. हातपाय धुवा."

या शोधाचं मूळ मला माझ्या बायकोनं सांगितलं. मामांच्या गावची विहीर खारी. मामी नवी नवरी म्हणून आल्या, पहिल्याच दिवशी त्यांना डाळ टाकायला सांगितली आणि ती काही केल्या शिजेना. पंगत ताटकळली. सासूनं चारचौघांत माहेर काढलं. मामी चुलीपुढे रडल्या आणि विशीतल्या मामांनी ते पाहिलं. त्या वयात माणूस काहीही कबूल करतो. मामांनी कबूल केलं की, तुला मोगलाईतल्या सगळ्यात गोड पाण्याच्या गावी घेऊन जाईन. इतर नवरे असं बोलून विसरतात. मामांची अडचण ही की ते विसरले नाहीत.

जायचंच आहे म्हटल्यावर घरावर कशाला खर्च करायचा? म्हणून त्यांच्या घराला ओटा नव्हता. गावातल्या प्रत्येक घरापुढे बसायला ओटा, यांच्या दाराशी नुसता एक काळा दगड. संध्याकाळी मामी त्या दगडावर बसायच्या आणि शेजारची गयाबाई आपल्या ओट्यावरून खाली उतरून त्यांच्याजवळ जमिनीवर येऊन बसायची. गयाबाईची जीभ तिखट होती. मामा दिसले की ती म्हणायची, "काय वो दाजी, या साली कोणत्या गावाला जाऊन राहिलो आपुन? मलाबी सांगा, मी उखळ आधी धाडून देते." मामा चिडत नसत. "सापडंल, गयाबाई, सापडंल," म्हणत. "सापडेपर्यंत इथंच."

डाळ ही पहिली परीक्षा. ती उतरली तरच पुढच्या परीक्षा. त्याही त्यांनी ठरवून ठेवल्या होत्या. ज्या गावची कुत्री परक्या माणसावर भुंकत नाहीत त्या गावात राहू नये, कारण ती उपाशी असतात, आणि जिथली कुत्री उपाशी तिथली माणसंही फार हसत नसणार. पाणवठ्यावर बायका मोठ्यानं भांडत असतील तर गाव चांगलं. हळू बोलत असतील तर समजावं, भांडण मोठं आहे. मला हे ऐकायला फार आवडायचं. पण खरं सांगायचं तर आमचं गाव सोडलं तर डाळीच्या पुढे कुठलंच गाव गेलं नाही, आणि जावयाच्या गावी जाऊन राहणं तेव्हा लाजेचं. कुत्री भुंकली, बायका भांडल्या, डाळ मात्र भांड्यात खड्यासारखी वाजत राहिली.

एकदा ते थेट भागानगरला, म्हणजे हैदराबादला गेले. तिथे घरोघर नळ आहेत असं त्यांनी ऐकलं होतं. एका सराईच्या अंगणात त्यांनी चूल मांडली. पोलीस आला. हे काय चाललंय, असं त्यानं दरडावून विचारलं. मामांनी आपल्या उर्दूत त्याला समजावलं की, हुजूरच्या पाण्याची तपासणी करून राहिलो, बायकोला तकलीफ आहे. पोलीस विवाहित असावा. तो जवळ बसला आणि त्यानं स्वतः दोनदा जाळ पुढे सारला. डाळ शिजली नाही. मामा परत आले ते मोठ्या आनंदात. "मामी," ते म्हणाले (आम्हा सगळ्यांच्या नादानं तेही बायकोला मामीच म्हणत), "खुद्द निजामाच्या नळाला डाळ शिजत न्हाई. तवा तुझी काय चूक?" इतक्या वर्षांनी, इतक्या लांबून त्यांनी तो निकाल आणला होता. मामींनी पदर तोंडाला लावला. आम्हाला वाटलं, त्यांना भरून आलं.

वाटेत त्यांना मेंढरं घेऊन फिरणारा एक धनगर दरवर्षी भेटायचा. त्याला मामांची कीव यायची. "आमी रोज निराळ्या गावचं पाणी पितो," तो म्हणायचा. "डाळ शिजत नसंल तर डाळ करूच नये, मामा. मटण कोणत्याबी पाण्यात शिजतं."

पिशवी मामी भरायच्या. ती शिवलीही त्यांनीच होती. तोंडाला दोरी, आणि दोरीला मामींची स्वतःची एक तिरकी गाठ. ती गाठ दुसऱ्या कुणाला मारता येत नसे. मामा प्रवासात ती सोडत आणि परत बांधताना त्यांच्या हातून नुसता गोळा व्हायचा. दरवर्षी जाताना पिशवीला मामींची गाठ आणि येताना मामांचा गोळा. त्या गोळ्याकडे पाहून मामी हसायच्या.

आता माझ्याबद्दल थोडं सांगायला हवं, कारण माझा स्वभाव असा आहे की दुसऱ्यानं केलेल्या पापाचंही ओझं मी आपणहून उचलतो. आमच्या विहिरीचं पाणी गोड नव्हतं. अगदी खारं नाही, पण मचूळ. आमच्याकडे डाळ शिजायची, पण तिची मनधरणी करावी लागायची. मग त्या दिवशी अंगणात ती एवढ्या लवकर कशी विरघळली? मला वाटलं, आईनं नजर चुकवून भांड्यात पापडखार टाकला. आईला विचारलं तर ती देवाची शपथ घेऊन नाही म्हणाली आणि दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. लग्न होऊन बायको आली. पहिल्याच दिवशी तिनं डाळ टाकली, बराच वेळ चुलीपुढे बसली, माझ्याकडे पाहिलं आणि गप्प राहिली. तिच्या त्या गप्प राहण्याची मला कितीतरी वर्षं लाज वाटत होती. एका भोळ्या माणसाला फसवून आपण त्याची मुलगी आणली, असं मी समजत होतो.

आणि तो भोळा माणूस गावोगाव आमच्या विहिरीची कीर्ती सांगत फिरत होता. "आख्ख्या मोगलाईत डाळ शिजली ती एका जागी," ते चावडीवर सांगायचे, "माझ्या जावयाच्या गावी." आमच्या गावच्या लोकांना हे पटायचं नाही, पण कौतुक कुणाला नको असतं? मला मात्र मान वर करता येत नसे.

गंमत अशी की ते पाणी त्यांना पिता येत नव्हतं. लेकीला मूल होईपर्यंत बापानं तिच्या घरचं पाणी प्यायचं नाही, ही आमच्याकडची रीत, आणि मामा रीतीचे पक्के. आम्हाला मूल व्हायला फार वर्षं लागली. तोवर मामा भेटायला यायचे ते आपल्या खाऱ्या विहिरीच्या पाण्याची कातडी छागळ गाडीला टांगून. उन्हाळ्यात ओसरीवर बसून ते कोमट, खारट पाणी घोट घोट प्यायचे आणि समोरच्या आमच्या विहिरीकडे पाहायचे. "जावईबापू," ते म्हणायचे, "अव्वल पाणी तुमचं, अन् आमच्या नशिबी छागळ." मूल होत नाही म्हणून टोमणे मारणारे पुष्कळ होते. मामांनी एकदाही विषय काढला नाही. फक्त छागळ थोडी मोठी शिवून घेतली, जास्त दिवस राहता यावं म्हणून.

अठ्ठेचाळीस साली आम्हाला मुलगा झाला. लूट आणि जाळपोळीचं ते वर्ष आमच्या भागात कुणाला सांगायला नको. मामांचं गाव सडकेवर, तिथे राहणं धोक्याचं झालं. त्यांच्या गावची बरीच घरं पैनगंगा ओलांडून वऱ्हाडात निघाली; गयाबाईही आपल्या भावाकडे तिकडेच गेली. उमरखेडला मामांचा एक सोयरा होता. त्यानं निरोप पाठवला की या, इकडे पाणीही गोड आहे. मामांनी मान हलवली. "पलीकडची डाळ पलीकडच्यांनी शिजवावी," ते म्हणाले. "मी शोधून राहिलो ते मोगलाईतलं गाव." आणि मामींना गाडीत बसवून ते आमच्याकडे आले. आमचं गाव आडबाजूला होतं. गाडीत घोंगडी होती, दोन गाठोडी होती आणि डाळीची पिशवी होती.

या वेळी छागळ नव्हती. नातू झाला होता. माझ्या आईनं मुलाला त्यांच्या मांडीवर ठेवलं आणि आमच्या विहिरीच्या पाण्याचा तांब्या त्यांच्या हातात दिला. दारात मामी उभ्या होत्या, माझी बायको होती, शेजारपाजार जमला होता. सगळ्यांना मामांची ती छागळ ठाऊक होती. मी भिंतीशी अंग चोरून उभा राहिलो. मला वाटलं, आता माझं सगळं उघडं पडणार.

मामांनी एक घोट घेतला. थांबले. दुसरा घेतला. मग तांब्या तोंडाला लावून सगळा संपवला आणि मिशा पुसल्या.

"गोड हाय," ते म्हणाले.

सगळे हसले, आईच्या डोळ्यांत पाणी आलं. मामी मात्र चटकन आत निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी मामी माझ्या आईबरोबर देवळात गेल्या होत्या. मामांनी लेकीला दोन चुली पेटवायला सांगितलं. एका भांड्यात आमच्या कणगीतली डाळ, दुसऱ्यात पिशवीतली. पाणी एकाच घागरीचं. मी आणि मामा दोन्ही भांड्यांपुढे बसलो. आमची डाळ आपल्या सवयीप्रमाणे आढेवेढे घेत घेत शेवटी मऊ झाली. पिशवीतली तशीच राहिली. मामांनी तिचा एक दाणा दाताखाली घेतला. तो कडकन वाजला.

मला राहवलं नाही. मी पापडखाराची गोष्ट सांगून टाकली. इतकी वर्षं मनात दडवलेली शंका, आईची शपथ, सगळं. मामांनी शांतपणे ऐकलं आणि मग पोट धरून हसले. "तुमच्या आईवर काहून आळ घेता, जावईबापू? पिशवी भरून कोण देतं?" त्यांनी लेकीकडे पाहिलं. "सांग गं. घरी तुरीची मडकी किती?"

बायको मान खाली घालून म्हणाली, "दोन. एक आईच्या माहेरच्या माळावरच्या डाळीचं. ती कुठंबी शिजती. अन् एक राखेत ठेवलेल्या जुन्या डाळीचं. ती कुठंच शिजत न्हाई." सासरी येताना मामींनी तिला बजावलं होतं की, पाण्याबद्दल बापाशी एक शब्द बोलायचा नाही. म्हणून ती त्या पहिल्या दिवशी गप्प राहिली होती. माझ्या इतक्या वर्षांच्या लाजेचं कारण एवढंच.

मामांनी विस्तवातली एक काटकी मागे ओढली. सगळं त्यांना एकदम दिसलं असणार. वसमत, जिंतूर, नांदेड, सराईतला पोलीस, आणि गावोगावची ती राख. लेक द्यायच्या गावी माहेरची डाळ. राहायला जायच्या गावी जुनी डाळ. मला वाटलं, आता चिडतील. ते म्हणाले, "म्हंजी तिला जायचंच नव्हतं." आणि थोड्या वेळानं, "एकदा म्हणली असती."

"मी विचारू का आईला?" बायको म्हणाली.

"न्हाई. तिनं इतके दिवस सांभाळलं, आपुन एका दिवसात मोडावं व्हय?" त्यांनी पिशवीच्या तोंडाशी आपला नेहमीचा गोळा बांधला. तेवढ्यात मामी देवळातून आल्या. चुलींवरची दोन भांडी त्यांना दिसली. त्या पाळण्याशी जाऊन बसल्या आणि मूल झोपलेलं असताना झोका देत राहिल्या.

पुढे फौजा आल्या, निजामाचं राज्य गेलं, सडका मोकळ्या झाल्या. आमच्या लोकांनी मामांना खूप आग्रह केला. आमच्या शेताला लागून तुकडा मिळत होता, नातू जवळ होता, आणि मोगलाईतलं अव्वल पाणी तर त्यांनी स्वतःच ठरवलेलं. जावयाच्या गावी राहायचं ही एक लाज, पण त्या वर्षानंतर तसं कोण बोलणार होतं? मलाही ते राहावेत असं मनापासून वाटत होतं. सगळ्यांसमोर मामांनी मामींना विचारलं, "काय म्हणतीस? राहायचं का हितं?"

मामी नातवाच्या अंगाला तेल लावत होत्या. "तुमी ठरवाल तसं," त्या म्हणाल्या. पण त्यांचा हात थांबला होता.

मामांनी त्या थांबलेल्या हाताकडे पाहिलं. "घरी जाऊ," ते म्हणाले. "गयाबाई आली असंल वऱ्हाडातून. तिला भांडायला माणूस नको व्हय?"

तेलाचा हात पुन्हा चालू झाला, जरा जोरातच. नातू रडू लागला.

घरी परतल्यावर मामांनी पहिलं काम केलं ते ओट्याचं. गावातला सगळ्यांत रुंद ओटा. काळा दगड त्याच्या पायरीला बसवला. गयाबाई आली होतीच. नवीन ओट्यावर बसून तिनं विचारलं, "दाजी, आता मोगलाईच राहिली न्हाई. मंग तुमचं गाव कसं सापडणार?" मामा म्हणाले, "राज्य गेलं. विहिरी हायेत की तिथंच. सापडेपर्यंत इथंच." आणि सुगी आटोपताच घोंगडी खांद्यावर टाकून दरवर्षीसारखे निघाले. मामींनी दरवर्षीसारखी पिशवी भरून दिली. काही दिवसांनी परत येऊन ते ओट्यासमोर उभे राहिले आणि म्हणाले, "न्हाई शिजली." मामी म्हणाल्या, "बरं. हातपाय धुवा."

त्यानंतर महिनाही गेला नाही. साधा ताप आला आणि त्यातच ते गेले. निरोप मिळून आम्ही पोचलो तोवर सगळं आटोपलं होतं. मी वेळेवर पोचलो नाही ही बोच मला आजही आहे. पण मामा असते तर म्हणाले असते, आल्यावर डाळ टाकलीत का, शिजली का?

तेराव्यानंतर मी मामींना म्हटलं, आता आमच्याकडे चला. त्यांनी ऐकून घेतलं आणि खुंटीवरची पिशवी काढून माझ्यापुढे ठेवली. मी पाहिलं. दोरीला गोळा नव्हता. मामींची तिरकी गाठ होती, जशी बांधली तशी.

"या बारीला मी माहेरची डाळ भरली व्हती," मामी म्हणाल्या. "म्हटलं, लई वरसं म्या त्यांना फिरवलं. आता शिजू द्यावी कुठंतरी. शिजली असती तर मी गेले असते. अन् हे आले, म्हणाले, न्हाई शिजली. मी गाठीकडं बघितलं. त्यांनी उघडलीच नव्हती."

मी विचारलं, "पण तुम्हाला जायचं का नव्हतं?"

त्यांनी बाहेर ओट्याकडे पाहिलं. गयाबाई तिथे एकटीच बसून कुणावर तरी ओरडत होती. "डाळ उशिरा शिजली तर जीव जात न्हाई, जावईबापू," त्या म्हणाल्या. "बोलायला कुणी नसलं तर जातो. त्या न शिजलेल्या डाळीपायीच तर गया माझी झाली. पहिल्या दिवशी मी रडत व्हते तवा तिनंच मागच्या दारानं तिच्या घरची पहाटंपास्नं शिजत ठेवलेली डाळ आणून दिली."

मग त्यांनी ती गाठ सोडली, डाळ भांड्यात ओतली, त्याच खाऱ्या विहिरीचं पाणी घातलं आणि चूल पेटवली. आम्ही मामांबद्दल बोलत बसलो. हैदराबादच्या पोलिसाची गोष्ट संपायच्या आत डाळ विरघळली होती. मामींनी मला ताट वाढलं. गयाबाईलाही आत बोलावलं.

मी पहिला घास घेतला. पाण्याची खारट चव डाळीत उतरली होती. मामी माझ्या तोंडाकडे पाहत होत्या.

"गोड हाय का?"

मी ताटातली डाळ बोटांच्या चिमटीत चोळून पाहिली आणि क्षणभर डोळे मिटले.

"गोड हाय," मी म्हणालो.